स्रोत : मुंबई

नोंदवहीत एक रकाना होता. नाव, वय, पत्ता, लक्षणं कधी सुरू झाली, घशातला स्राव कधी घेतला, आणि शेवटून दुसरा : ‘संसर्गाचा स्रोत’. तो कोरा ठेवलेला चालत नसे. रात्री नऊला तालुक्याहून फोन यायचा, “मॅडम, तुमचा एक सोर्स राहिलाय,” आणि मी भरून टाकायचे. मे २०२० मध्ये आमच्या हद्दीत तो रकाना भरायला डोकं लागत नव्हतं. एकच शब्द पुरायचा. मुंबई.

सातारा जिल्ह्यातल्या डोंगराकडच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी अठरा वर्षं काढली. पदवी आयुर्वेदाची, म्हणून पाठीमागं ‘काढ्याच्या मॅडम’ हे नाव. हद्दीत गावं आणि वाड्या धरून तेवीस वस्त्या. पावसाळ्यात भात-नाचणी आणि उरलेलं वर्षभर मुंबई, असं इथलं पीक. घरटी एक माणूस तिकडं. आधी गिरणीत होता, ८२ च्या संपानंतर माथाडीत गेला, कुणी टॅक्सीवर, कुणी वाशीच्या मार्केटात. पहाटे येणाऱ्या एसटीला ‘मुंबई गाडी’ म्हणतात. तिच्यातून मनीऑर्डरीपेक्षा भरवशाचा पैसा येतो, पोरांचे कपडे येतात, लग्नाचे निरोप येतात. आजारही आले. क्षय गिरणीतून आला, नव्वदीत एड्स आला. तेव्हाही स्रोताचा रकाना होताच, फक्त छापलेला नव्हता. लोक तो तोंडी भरायचे, आणि बहुतेक वेळा बाईच्या नावानं.

एप्रिल संपेपर्यंत आमच्याकडे एकही रुग्ण नव्हता. केंद्र सरकारनं १ मेच्या सुमाराला देशातले जिल्हे रंगवले : १३० लाल, २८४ नारिंगी, ३१९ हिरवे. सातारा लालमध्ये, सिंधुदुर्ग हिरव्यात, वर्धा हिरव्यात, आणि ज्या इस्लामपूरमुळे मार्चअखेर सगळा महाराष्ट्र धास्तावला होता ती सांगली नारिंगीत. आमचे सरपंच मोबाईलवर तो नकाशा दाखवत म्हणाले, “मॅडम, जिल्हा लाल हाय, पर आपलं खोरं बघा. देवीनं राखलंय.” मी मान डोलावली. खोऱ्याचा वेगळा रंग नकाशात नव्हता, पण त्यांच्या डोळ्यांत होता. हिरवा रंग म्हणजे गुण मिळाल्यासारखं वाटायचं लोकांना. चांगल्या वागणुकीचे.

मग गावानं रस्त्यावर काट्या टाकल्या. बाभळीच्या फांद्या, दोन दगड, मध्ये पाटी : ‘बाहेरच्यांना प्रवेश नाही’. बाहेरचे म्हणजे कोण, तर स्वतःचेच मुलगे.

मला आजीनं सांगितलेला मरीआईचा गाडा आठवला. पटकी आली की लाकडाचा छोटा गाडा करायचे, त्यात देवीला बसवायचे, हळदकुंकू, नैवेद्य, आणि वाजतगाजत शिवेपर्यंत ओढत न्यायचे. शिवेपलीकडे सोडून मागं न बघता परतायचं. पुढच्या गावानं तिला त्यांच्या पुढच्या शिवेवर न्यायचं. देवी आपलीच, पण जायची दुसऱ्याच्या गावाला. मी लहानपणी आजीला विचारलं होतं, शेवटच्या गावानं काय करायचं? आजीनं पाठीत धपाटा घातला. उत्तर तिच्याकडेही नसावं. तिच्या सासूनं १९१८ ची मानमोडी, म्हणजे फ्लूची साथ, पाहिली होती. तीही मुंबई बंदरातूनच आली, जूनमध्ये हलकी, सप्टेंबर-ऑक्टोबरात जीवघेणी. पाऊस दगा देऊन गेलेलं वर्ष, घराघरांत धान्य नाही, आणि बंगालपेक्षा मुंबई इलाख्यात नि मध्य प्रांतात कितीतरी जास्त माणसं गेली. त्या साथीला गाडा कुठल्या शिवेवर सोडणार? सगळ्याच गावांत एकदम आली होती.

तर काट्या पडल्या, आणि मे महिन्यात पास काढून, टेम्पोत बसून, रात्रीचे चालत मुलगे आलेच. गावानं त्यांना शाळेत ठेवलं. चौदा दिवस. लोक त्याला ‘कोरोंटाईन’ म्हणायचे.

त्यातला एक, वय सव्वीस, वाशीला भाजीच्या गाळ्यावर कामाला. ११ मेपासून आठवडाभर मार्केट बंद ठेवलं, तेव्हा खोलीतल्या नऊ जणांपैकी सात जण आपापल्या गावी निघाले, हा त्यातलाच. १६ मेला, शनिवारी पोचला. शाळेच्या दुसरीच्या वर्गात पथारी टाकली. त्याची आजी ऐंशीच्या घरातली, ऐकायला कमी, पाय धड. ती रविवारपासून रोज दुपारी भाकरी घेऊन जायची आणि खिडकीच्या गजांतून द्यायची. बुधवारी तिला खोकला सुरू झाला. सोमवारी तिला मोठ्या दवाखान्यात हलवलं आणि २९ तारखेला ती गेली. नातवाचा रिपोर्टही पॉझिटिव्ह आला, त्याला मात्र शिंकसुद्धा नाही. अंत्यविधी प्रशासनानं परस्पर केले. तो त्या वेळी दुसरीच्या वर्गातच होता, फळ्यावर मार्चमधला सुविचार तसाच.

नोंदवहीत मी तिच्या नावासमोर ‘नातू (मुंबई)’ असं लिहिलं. शिवाय एका वेगळ्या कागदावर साखळी काढायची असायची, गोल आणि बाण. नातवाच्या गोलापासून आजीच्या गोलापर्यंत मी बाण काढला. पेनानं. तो कागद कुणी पाहिला, कसा फुटला, ठाऊक नाही. दोन दिवसांत सगळ्या गावाला बाण ठाऊक होता.

चौदा दिवस संपल्यावर तो केंद्रावर आला. ओट्याच्या खालीच थांबला, वर आला नाही. म्हणाला, “म्याडम, एक इचारायचं हुतं. आजी माझ्यामुळंच गेली न्हवं?”

मी काय बोलले ते आता लिहायलाही नको वाटतं. “असं काही मनात आणू नकोस, झोप नीट घे.” सव्वीस वर्षांच्या माणसाला मी जेवणानंतरच्या गोळीसारखं उत्तर दिलं.

त्या रात्री मी चरकसंहिता काढली. धार्मिक म्हणून नव्हे, आणि विद्वान म्हणूनही नव्हे. विमानस्थानाचा तिसरा अध्याय आम्हाला परीक्षेला हमखास असायचा, ‘जनपदोद्ध्वंसनीय’. तोंडी परीक्षेत सर विचारायचे, चार भाव सांगा. वायू, उदक, देश, काल. बसा. पुढचं कधी कोणी विचारलं नाही.

पुढचं असं आहे. उन्हाळा सरत आलाय, पांचाल देशात कांपिल्य नगरीजवळ गंगेच्या काठानं पुनर्वसू आत्रेय शिष्यांबरोबर रानातून चाललेत. ते अग्निवेशाला सांगतात, औषधी आत्ताच गोळा करा, जमिनीचा कस जाईल मग वनस्पतींचाही जाईल. त्यांना काहीतरी येताना दिसतंय. अग्निवेश विचारतो : माणसांची प्रकृती वेगळी, आहार वेगळा, बळ वेगळं, वय वेगळं, मग एकाच वेळी एकाच रोगानं अख्खा प्रदेश कसा उजाड होतो? प्रश्न इतका नेमका आहे की मी पुस्तक क्षणभर मिटून ठेवलं. आत्रेयांचं उत्तरही तितकंच तर्कशुद्ध : माणसांमध्ये वेगळं असतं ते सोडा, सामाईक काय आहे ते बघा. हवा, पाणी, भूमी, ऋतुकाळ. ते बिघडलं की सगळ्यांचं बिघडतं.

ते म्हणतात, हवेपेक्षा पाणी, पाण्यापेक्षा भूमी, भूमीपेक्षा काळ टाळायला अवघड. म्हणजे चौघांत हवा सगळ्यात सोपी. वाऱ्याकडे पाठ करून आडोशाला बसता येतं, असं त्यांच्या मनात असेल. दुसरीच्या वर्गाच्या खिडकीपाशी उभं राहून हे वाचायला हवं होतं कुणीतरी.

आणि उपाय? औषधं, सत्य, दया, दान, सज्जनांचा सहवास, आणि जिथं साथ नाही अशा चांगल्या प्रदेशात जाऊन राहणं. मी हसले. मुंबईकर पोरांनी चरक न वाचता नेमकं तेच केलं होतं. ग्रंथानं त्यांना ‘निरोगी गावी जा’ म्हटलं, गावानं काट्या टाकल्या. जाणारा बरोबर काय घेऊन जातो, हा विचार त्या अध्यायात नाही. तो सुश्रुतात आहे, निदानस्थानात : जवळच्या संपर्कानं, अंगाला अंग लागून, श्वासानं, एका ताटात जेवून, एका अंथरुणावर झोपून, दुसऱ्याचे कपडे नि माळा वापरून काही रोग माणसातून माणसात जातात. एकाच शास्त्रात रोग एका जागी भूमीचा, दुसऱ्या जागी श्वासाचा. नकाशा बघितला की पहिलं खरं वाटतं. नोंदवही लिहिली की दुसरं.

खरं तर पहिल्या महिन्यांतला नकाशा हा भूमीचा नकाशा नव्हताच. भारतातला पहिला रुग्ण ३० जानेवारीला त्रिशूरला सापडला, कारण वूहानला शिकणारी मुलं केरळची होती. महाराष्ट्रातले पहिले ९ मार्चला पुण्यात, दुबईची सहल करून आलेले. पुण्याचं पाप काय, असं तेव्हा कोणी विचारलं नाही. विमानाचं तिकीट ज्याला परवडतं त्याच्या पापाची चौकशी होत नसते. कोरियात दैगू, कारण तिथल्या एका पंथाच्या प्रार्थनेत माणसं खेटून जमिनीवर बसत. इराणात कोम, यात्रेचं शहर. इटलीत उत्तरेकडचं बेर्गामो. त्या उन्हाळ्यात इटलीनं देशभर रक्त तपासून पाहिलं तर बेर्गामो प्रांतात शंभरातल्या चोवीस जणांना संसर्ग होऊन गेलेला, आणि सिसिलीत हजारातल्या तिघांना. चोवीस टक्के आणि पॉइंट तीन टक्के. एकच देश, एकच पोप, तोच पास्ता.

तमिळनाडू आणि आंध्रात लाखो संपर्क शोधून जो अभ्यास झाला त्यात दिसलं की दहांतल्या सात रुग्णांनी त्यांच्या शोधलेल्या संपर्कांपैकी कुणालाच लागण दिली नव्हती. आठ टक्क्यांच्या आसपास रुग्णांकडून साठ टक्के नवी लागण. म्हणजे दहा मुंबईकर दहा गावांत उतरले तर सात गावांत काहीही होत नाही, आणि ती सात गावं आपल्या देवीला नवं लुगडं नेसवतात. उरलेल्या तीनांतल्या एखाद्या गावात माणसं मरतात. देवी त्या गावची कमी जागृत असते का?

आमच्या गावची तशीच ठरली. २९ मेनंतर सरपंचांचं ‘देवीनं राखलंय’ बदललं. आता देवी कोपली होती, कारण वैशाखातली यात्रा झाली नाही. यात्रा रद्द करण्याचं पत्र माझ्या सहीचं. म्हणजे कोपाचा स्रोत केंद्राच्या वैद्यकीय अधिकारी. राखणारी आणि कोपणारी देवी एकच, नियमही एकच, फक्त गुणपत्रिका फिरली.

मी चरकाकडे परतले, कारण अग्निवेश तिथंच थांबत नाही. तो विचारतो, पण हवा-पाणी-भूमी-काळ हे तरी का बिघडतात? आत्रेय म्हणतात, अधर्मामुळे. त्याच्या मुळाशी प्रज्ञापराध, कळत असून चुकीचं करणं. विद्यार्थी असताना हे वाक्य मला लाज आणायचं. ॲलोपॅथीच्या मैत्रिणींसमोर काय सांगायचं, आमच्या ग्रंथात साथीचं कारण पाप आहे? त्या रात्री पहिल्यांदा पुढच्या ओळी सावकाश वाचल्या. अधर्म कोणाचा? देशाचे, नगराचे, व्यापारी संघांचे, जनपदांचे जे प्रमुख आहेत, ते प्रजेशी अधर्मानं वागतात तेव्हा त्यांचे आश्रित, मग नगरातले, मग व्यवहार करणारे तो वाढवत नेतात. आजाऱ्याचं नाव त्या यादीत नाही. खिडकीतून भाकरी देणारीचं तर नाहीच.

मला त्याचा दिलासा वाटला, आणि दिलासा वाटतोय म्हणून संशयही आला. खाटा का कमी होत्या, मुंबईच्या एका खोलीत नऊ माणसं का झोपत होती, ऐन उन्हाळ्यात माणसं हायवेनं चालत का निघाली, यावर आत्रेयांचं बोट बरोबर पडतं. मुंबईत जुलैमध्ये तीन वॉर्डांत रक्त तपासलं तेव्हा झोपडपट्टीत शंभरातल्या सत्तावन्न जणांना संसर्ग होऊन गेलेला निघाला, इमारतींत सोळा जणांना. हा फरक विषाणूनं केलेला नाही. तो आधीच करून ठेवलेला होता. पण पहिली ठिणगी? बेर्गामोत भडकली आणि सिसिलीत भडकली नाही, या गावात भडकली आणि पलीकडच्या वाडीत नाही, याला अधर्म लावायला गेलं की सिसिलीत जास्त धर्म होता असं म्हणावं लागतं. ते मी म्हणू शकत नाही.

यावरून आमच्या फार्मासिस्ट भाऊंशी बोलणं झालं. ते बौद्ध, बाबासाहेबांचं ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ औषधांच्या कपाटातच ठेवणारे, खालच्या फळीवर, ओआरएसच्या खोक्यामागं. मी त्यांना गांधी-टागोरांचं सांगत होते. १५ जानेवारी १९३४ ला बिहारात भूकंप झाला आणि गांधीजी म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. टागोरांना हे सहन झालं नाही. अस्पृश्यतेविषयी दोघांचं एकच मत, पण टागोरांचं म्हणणं असं की निसर्गाच्या घटनेला नीतीचा हिशेब चिकटवला की तोच हिशेब उद्या सनातनी तुमच्याविरुद्ध मांडतील. गांधीजींनी ते पत्र आपल्या ‘हरिजन’मध्ये छापलं, उत्तरही छापलं, आणि मत बदललं नाही. मला त्या दोघांचंही काहीतरी आवडतं. पण यात्रेच्या पत्रावर सही करून बसल्यावर टागोरच जास्त जवळचे वाटतात.

भाऊंनी ऐकून घेतलं. म्हणाले, “मॅडम, बिहारमध्ये मेले त्यात अस्पृश्य किती असतील? शिक्षा बी त्यांनाच?” मी गप्प बसले. मग त्यांनी सीवकाची गोष्ट सांगितली. संयुत्त निकायात आहे. सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो, काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात की माणसाला जे जे सुख-दुःख होतं ते सगळं पूर्वकर्मानं होतं, तुमचं काय म्हणणं? बुद्ध एक-एक कारण मोजतात. काही वेदना पित्तानं होतात, काही कफानं, काही वातानं, काही तिन्हींच्या एकत्र बिघडण्यानं, काही ऋतू पालटल्यानं, काही वागण्यातल्या विषमतेनं, काही बाहेरच्या आघातानं, आणि काही कर्माच्या विपाकानं. सगळंच पूर्वकर्मानं होतं असं म्हणणारे स्वतःला जे कळतं आणि जगाला जे मान्य आहे, त्या दोन्हींच्या पुढं धावतात.

“कर्म आठव्या नंबरला हाय,” भाऊ म्हणाले. “आधी सात तपासा.”

वैद्यकीच्या माणसाला ही यादी ओळखीची वाटते. आपण निदान असंच करतो. शिवाय त्यात एक शब्द आहे जो आम्ही रोज वापरतो आणि ज्याकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं. वात, पित्त, कफ यांना आम्ही ‘दोष’ म्हणतो. रुग्णाला सांगतो, तुमचा वातदोष वाढलाय. त्याला राग येत नाही, तो लाजतही नाही. त्यात ठपका नाही. पण शाळेबाहेर उभे असलेले लोक म्हणत होते, दोष त्याचा. तोच शब्द, दोन काने-मात्रा इकडच्या तिकडं नाहीत. माझ्या बाणानं काय सांगितलं होतं? इथून तिथं विषाणू गेला असावा, एवढंच. गावानं वाचलं ते दुसरंच, आणि नातवानंही तेच वाचलं. असलं भाषांतर सगळीकडं चाललं होतं. मार्चमध्ये दिल्लीच्या तबलिगी मेळाव्याचा स्रोताच्या रकान्यातून थेट आरोपाच्या रकान्यात प्रवास झाला. २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेलं असं म्हटलं. तोवर आमच्या बाजारात बांगड्या विकायला येणारा म्हातारा पाच महिने आला नव्हता. तो दिल्लीला आयुष्यात कधी गेला नसेल.

त्याच ऑगस्टात मी कामासाठी पुण्याला गेले होते. बहिणीनं आग्रह केला म्हणून खासगी लॅबमध्ये अँटिबॉडीची तपासणी केली. माझी पॉझिटिव्ह आली. कधीतरी होऊन गेलेला. मला ताप नाही, खोकला नाही, काही नाही. बहीण म्हणाली, “बरं झालं, सुटलीस.”

रात्री झोप येईना. मेचा दुसरा आठवडा आठवला. दोन दिवस चहाला वास येत नव्हता. मी वाण्याला बोलले होते, पावडर जुनी देतोस. वास जाणं हे केंद्र सरकारच्या लक्षणांच्या यादीत आलं १३ जूनला. मेमध्ये ते लक्षण नव्हतं, ती फक्त चहा पावडर होती.

आणि शुक्रवार १५ मे. आजी बीपीच्या गोळ्यांना आली होती. नातू यायच्या आदल्या दिवशी. मी मास्क लावला होता. पण तिला ऐकू येत नसे. गोळी उपाशीपोटी घेऊ नका हे मी तीनदा ओरडून सांगितलं, मग मास्क खाली केला आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं.

शुक्रवार ते बुधवार पाच दिवस. लागण ते लक्षण, तेव्हा सरासरी पाचच दिवस लागायचे. रविवार ते बुधवार तीन. तीनही चालतात. खिडकी उघडी, वारा मोकळा, मध्ये गज. एका बाजूला भाकरी, दुसऱ्या बाजूला कान. मी तिथंच मोबाईलवर हिशेब मांडत बसले, जसा कुणा तिसऱ्याच माणसाचा असावा. त्या आठवड्यात दशक्रियेला गेलेली माणसं होती, रेशनच्या रांगेतली होती, नर्स होती. ठरवता येत नाही. खरंच येत नाही. विषाणूच्या वंशावळीची तपासणी त्या काळी आमच्या खोऱ्यातल्या म्हातारीसाठी कोण करणार होतं? पण रकाना मी भरला होता, बाण मी काढला होता, आणि त्या वेळी माझ्या मनात माझं नाव क्षणभरही आलं नव्हतं. स्रोत नेहमी बाहेरून येतो, हे मी न ठरवता धरून चालले होते. सरपंचांसारखंच. मरीआईचा गाडा ओढणाऱ्यांसारखंच.

आत्रेय याच अध्यायात शेवटी आयुष्याबद्दल बोलतात. आयुष्य ठरलेलंच असतं का? नाही, दैव आणि माणसाचा प्रयत्न दोन्हींनी ते ठरतं. सगळं ठरलेलंच असतं तर औषधं कशाला, सापाला भ्यायचं कशाला. आणि ते गाड्याच्या आसाचा दाखला देतात. आस झिजून झिजून आपल्या वेळेला मोडतो, तसंच ओझं जास्त झाल्यानं, रस्ता वाईट असल्यानं, चाक मोडल्यानं अवेळीही मोडतो. ऐंशीच्या आजीचा आस कुठला होता? मी दोन्ही बाजूंनी विचार केला. झिजलेलाही होता. आणि कुणाच्या तरी श्वासाचं ओझंही पडलं.

नोंदवही बदलता येत नाही. ती तालुक्याला जमा झाली होती, आकडे वर गेले होते. सप्टेंबरात साथ साऱ्या जिल्ह्यात अशी पसरली की स्रोताचा रकानाच कुणी विचारेना. देवीनं राखलेली गावंही त्यात आली. फोन आला तर मी ‘स्थानिक’ लिहायचे.

नातवाला मी हे सांगितलं २०२३ च्या बेंदराला. मध्ये तीन वर्षं गेली, तो वाशीला परतला होता, लग्न झालं होतं. तीन वर्षं का लागली, याची कारणं मी स्वतःला बऱ्याच वेळा दिलीत. नोकरी होती, गाव होतं, खात्री नव्हती. सातही तपासून बघितली. भीती होती.

तो बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावत होता, हात लाल. मी सगळं सांगितलं, तारखांसकट. चहाच्या वासाचं, कानाचं. तो काम थांबवून ऐकत राहिला. मग म्हणाला, “मंग तवाच का न्हाई सांगितलं?”

“तेव्हा मलाच ठाऊक नव्हतं. ऑगस्टात कळलं.”

“आगस्ट म्हंजी तीन वर्सं झाली की.”

मी हो म्हणाले.

बैलानं मान हलवली, त्यानं ती धरली. बराच वेळ दुसरं शिंग रंगवत होता. मग माझ्याकडं न बघता बोलला, “आजीला ऐकू यायचं न्हाई. समदीच तिच्या कानाशी तोंड न्यायची. म्या बी गजातनं तसंच बोलायचो. ती गजाला गाल लावून हुबी ऱ्हायची.”

आतून त्याची आई बाहेर आली, हातात औषधाची चिठ्ठी. तिलाही आता बीपी निघालंय म्हणे. तालुक्याच्या डॉक्टरांचं अक्षर लागत नव्हतं. मी चष्मा काढून वाचलं. अम्लोडिपिन, पाच मिलिग्रॅम, रोज सकाळी एक. तिनं पुन्हा विचारलं, उपाशीपोटी घ्यायची का. तिला ऐकू येतं, मी जागेवरूनच सांगितलं.